पिंपातलं जस्त

मॅडमनी माझी मुलाखत चालता चालता घेतली. परळच्या आमच्या संस्थेच्या फाटकाशी मी फाईल छातीशी धरून उभी होते, आणि त्या आतून बाहेर येत होत्या. "रिसर्च फेलोसाठी आलीयस ना? चल," एवढं म्हणून त्या हिंदमाताच्या दिशेने सुटल्या. मी मागे धावले. त्यांना पडद्याचं कापड घ्यायचं होतं. औषधशास्त्रातलं त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. दुकानात काळ्या कापडाचा पोत बोटांनी चोळत म्हणाल्या, "घरी पाणी किती वाजता येतं?"

"ठाकूरद्वारला राहतो आम्ही. पहाटे साडेचारला."

"कोण भरतं?"

"मीच."

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या आणि दुकानदाराला कापड दिव्यासमोर धरायला लावून त्यातून पलीकडचं काही दिसतं का ते बघायला लागल्या. कमिटीसमोरची मुलाखत नंतर झाली, पण ती नावापुरती.

संस्थेत त्यांना सगळे भिंगरी म्हणत. मीही म्हणायचे, पहिल्या आठवड्यापासून. कुठल्याही वेळी त्यांचे तीन अर्धवट चहा तीन खोल्यांत निवत पडलेले असायचे. प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत त्या पुढच्या दारापाशी पोचलेल्या असत, मग तिथून ओरडून म्हणत, "पुढे?" त्यांचा हा 'पुढे?' मला फार लागायचा. वडिलांना हॉस्पिटलात ठेवलंय असं मी एकदा रडवेल्या आवाजात सांगितलं, तेव्हाही त्या म्हणाल्या, "पुढे?" मी मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. संध्याकाळी वॉर्डात गेले तर या बाई वडिलांच्या उशाशी हजर, डब्यात मुगाची खिचडी, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला त्याच सुरात विचारत होत्या, "पुढे काय करणार आहात?"

पाणी भरायचं त्यांना वेडच होतं. लालबागच्या चाळीत जन्म गेलेला, वडील गिरणीत साचेवाले, माग चालवणारे. सकाळी संस्थेत आल्या की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी रिकाम्या बाटल्या, पातेली, बरण्या, जे दिसेल ते भरून ठेवायच्या. आमच्या इमारतीत नळाला दिवसभर पाणी असे. तसं कोणी सुचवलं तर म्हणायच्या, "आत्ता आहे."

दुसरं वेड बियांचं. भोपळ्याच्या बिया, औषधाच्या जुन्या बाटलीत भरून त्या पर्समध्ये बाळगायच्या आणि भेटेल त्याच्या तळहातावर ओतायच्या. सिक्युरिटीवाल्याला, झेरॉक्सवाल्याला, मीटिंग ऐन रंगात आलेली असताना विभागप्रमुखांना. माझा डबा उघडला की वाकून बघायच्या. "नुसता बटाटा? जस्त कुठून मिळणार तुला?" लोकांना वाटायचं, हे त्यांच्या संशोधनाचं खूळ डोक्यात गेलंय. संशोधन होतंच तसलं.

प्रयोग समजायला सोपा होता. एक लांबट डबा, त्यात दोन खोल्या, मध्ये दार. एका खोलीच्या भिंतींवर पट्टे, दुसरी साधी. पांढऱ्या उंदराला काही दिवस पट्ट्यांच्या खोलीत नशा आणणारं मॉर्फीन टोचायचं आणि साध्या खोलीत नुसतं सलाईन. मग औषध बंद. काही दिवसांनी मधलं दार उघडायचं आणि बघायचं, उंदीर कुठे जातो. तो पट्ट्यांच्या खोलीत जातो. तिथे आता काही नसतं, तरी जातो, कोपरे हुंगतो, बसून राहतो. किती वेळ बसला ते मोजायचं. पुस्तकात या प्रकाराला मोठी नावं आहेत. मॅडम म्हणायच्या, "वाट बघतोय."

त्यांचा प्रश्न असा होता, की अन्नातल्या जस्ताने ही ओढ कमीजास्त होते का? म्हणून उंदरांचे दोन गट. दोघांचं अन्न अगदी सारखं, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं, मक्याच्या पिठाचं, मॅडमनी स्वतः ग्रॅमवर मोजून मळलेलं. फक्त एका गटाच्या अन्नात पुरेसं जस्त घातलेलं, दुसऱ्याच्या अन्नात जवळजवळ काहीच नाही.

आणि हा प्रश्न त्यांना का पडला होता, ते मला चार वर्षांनी कळलं, पण इथे आत्ताच सांगून टाकते. त्यांना एक धाकटा भाऊ होता. गिरणी बंद पडली तेव्हा वडील घरात बसले आणि हा बाहेर. गिरणीच्या भिंतीआड गर्द ओढणारी पोरं बसत, त्यांच्यात गेला तो गेलाच. पन्नाशी गाठेपर्यंत किती केंद्रांत राहून आला, किती वेळा सुटलं आणि किती वेळा पुन्हा धरलं, याचा हिशोब घरच्यांनीही सोडून दिला होता. आता तो मॅडमकडे राहायचा. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. त्या बिया खऱ्या तर त्याच्यासाठी होत्या, आम्हाला मिळत होत्या त्या उरलेल्या.

म्हणजे जगात ज्या माणसाने हा प्रयोग करू नये असा एकच माणूस असेल, तर तो त्याच होत्या. हे त्यांनाही पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्या इतक्या कडक वागायच्या. "आपल्याला काय हवंय ते उंदराला कळता कामा नये," हे त्या दिवसातून दहा वेळा बजावायच्या. कुठला पिंजरा कुठल्या गटाचा, हे फक्त प्राणिगृहातल्या काकांना ठाऊक. काका मालवणचे, पंचवीस वर्षं उंदरांत काढलेली; खाणं घालणं, सुई टोचणं तेच करायचे. गटांची यादी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि मॅडमनी मागितली तरी द्यायचे नाहीत.

वेळ मोजायचं काम पहिल्यांदा मॅडमच करायच्या. काळ्या पडद्याआड उभं राहायचं, हातात स्टॉपवॉच, पंधरा मिनिटं हूं की चूं करायचं नाही. मॅडमना तीन मिनिटंही जमेना. या पायावरून त्या पायावर, बांगड्या वर सरकव, पडदा नीट कर. आत उंदीर कान टवकारून पडद्याकडे बघत बसलेला. शेवटी काकांनीच त्यांना बाहेर काढलं.

"मॅडम, तुमी जरा भायर र्‍हवा. उंदीर घाबरतत."

"अहो, मी काही केलं का?"

"तुमी उभे आसात, ताच खूप झाला."

तेव्हापासून पडद्याआड मी. मॅडम बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत, आणि मी दार उघडून आकडा सांगितला की तो वहीत लिहून घेत. आकडा कोणत्या गटाचा हे त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. शेवटी काका यादी काढत आणि मग कळे.

पहिल्या तुकडीत फरक दिसला. ज्यांना जस्त मिळालं नाही ते उंदीर पट्ट्यांच्या खोलीत जास्त वेळ थांबले. दुसऱ्या तुकडीतही तसंच. फरक मोठा नव्हता, पण होता. त्या दिवशी मॅडमनी मला लालबागपर्यंत चालत नेलं, वाटेत भाजीवाल्याकडे मेथी निवडता निवडता पेपरचा पहिला परिच्छेद तोंडी सांगितला आणि मी तो पिशवीच्या पाठीवर लिहून घेतला. मला तेव्हा त्या फार आवडल्या होत्या. आपणही म्हातारपणी असंच व्हावं, असं वाटलं.

तिसरी तुकडी शेवटची. त्यानंतर मॅडम निवृत्त होणार होत्या, त्यांच्याबरोबर माझी फेलोशिपही संपणार होती, आणि आमच्या दोन खोल्या कोणाला द्यायच्या हेही ठरून गेलं होतं. तिसऱ्या तुकडीचे आकडे झाले, काकांनी यादी काढली. दोन्ही गट सारखे. फरक शून्य. जस्त मिळालेले आणि न मिळालेले, दोघंही पट्ट्यांच्या खोलीत थोडाच वेळ थांबले होते.

पुढचे चार दिवस मॅडम वेड्यासारख्या वागल्या. अन्नाचे डबे उघडून पुन्हा वजनं केली, मॉर्फीनच्या बाटल्यांच्या तारखा बघितल्या, माझ्या स्टॉपवॉचशेजारी आपलं मनगटी घड्याळ धरून बसल्या. मलाही आडून विचारून झालं, मोजताना डुलकी लागली होती का. मी खूप दुखावले. पाचव्या दिवशी पिंजरे धुता धुता काकांनी सहज म्हटलं, "माका वाटलाच होता. आधीच्या खेपांक जस्त नसलेल्या उंदरांचे केस कसे राठ झाले होते. ह्या खेपेक सगळे गुळगुळीत."

जस्त कमी पडलं की उंदराचे केस राठ होतात, हे आम्हा दोघींनाही पाठ होतं. पडद्याआडच्या अंधुक उजेडात मला केस दिसले नव्हते आणि मॅडमना तर आत यायलाच बंदी होती. म्हणजे या उंदरांना कुठून तरी जस्त मिळत होतं. अन्नात नव्हतं. मग राहिलं पाणी.

मी पाण्याच्या खोलीत गेले. तिथे कोपऱ्यात एक पत्र्याचं पिंप होतं. त्या महिन्यात बाहेरचा रस्ता खणलेला, दुपारनंतर इमारतीचं पाणी जायचं आणि डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद पडायचं. मॅडमना ते सहन होईना. त्या पहाटे येऊन यंत्र लावायच्या, काचेच्या बरण्या भरायच्या, आणि बरण्या पुरेनात म्हणून त्यांनी घरून टॅक्सीत घालून चाळीतलं जुनं पिंप आणलं होतं. स्वतः घासून लख्ख केलेलं. उंदरांच्या बाटल्या महिनाभर त्यातूनच भरल्या गेल्या होत्या. मी झाकण काढून आत बोट फिरवलं, तर बोटाला पांढुरकी भुकटी लागली. पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचाच मुलामा देतात. डिस्टिल्ड पाणी रात्रभर त्यात राहिलं की ते जस्त पाण्यात उतरणारच. मी खात्रीसाठी पिंप पुन्हा भरलं, एक रात्र ठेवलं आणि पाणी शेजारच्या विभागात तपासून घेतलं. भरपूर जस्त निघालं.

मला तर नाचावंसं वाटलं. आमची कल्पना चुकलेली नव्हती! उलट, ज्यांना जस्त द्यायचं नव्हतं त्यांना चुकून दिलं गेलं, तर त्यांचीही ओढ कमी झाली. विभागप्रमुख म्हणाले, हे तर बरंच झालं, असंच लिहा. मी रात्रीतून परिच्छेद लिहून काढला आणि सकाळी कॉरिडॉरमध्ये मॅडमना गाठलं.

त्यांनी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"आधीच्या दोन तुकड्यांचं पाणी कशात भरलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काचेच्या बरण्यांत."

"सगळं? रोज?"

मी मनातल्या मनात बरण्या मोजायला लागले.

"भरायचे मीच," त्या म्हणाल्या. "हाताला लागेल त्यात भरायचे. कधी बादली, कधी पातेलं. कुठल्या दिवशी कशातलं पाणी उंदरांना गेलं, नोंद आहे कुठे?"

"पण मॅडम, तेव्हा केस राठ होते! काका सांगतायत ना."

"काकांना आठवतंय. वहीत आहे?"

वहीत नव्हतं. अन्नाचा कण न् कण त्या वहीत होता, औषधाचा थेंब न् थेंब होता. पाण्याची एक ओळसुद्धा नव्हती.

"पाणी भरणं हे मला कधी काम वाटलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "श्वास घेतला हे कोण लिहून ठेवतं?" मग कागद माझ्या हातात परत देऊन म्हणाल्या, "सगळं पुन्हा करावं लागेल. तिन्ही तुकड्या."

"कधी करणार? महिनाअखेर तुम्ही निघालात! खोल्या जातायत. मॅडम, पुरावा आपल्या बाजूने आहे."

"म्हणून तर भीती वाटते. उंदरांना नाही कळू दिलं, पण मला तर माहीत होतं ना मला काय हवंय."

मला हे ढोंग वाटलं, खरंच सांगते. माझी चार वर्षं त्या कागदांत होती. मी त्यांना तोंडावर म्हणाले, "तुमचं काय जातंय, तुम्हाला पेन्शन मिळणार." त्यांनी पर्समधून बियांची बाटली काढली, हातात धरून उभ्या राहिल्या आणि मला न देताच परत ठेवली.

माझा पीएच.डी.चा प्रबंध सादर करायच्या फॉर्मवर त्यांची सही लागणार होती. निवृत्तीला सहा दिवस उरले होते. रविवारी सकाळी मी फॉर्म आणि प्रबंध घेऊन त्यांच्या घरी गेले. रडून, भांडून, काही झालं तरी सही आणायचीच, असं आईला सांगून निघाले होते. लालबागची ती चाळ पाडून तिथे टॉवर झालेला, मॅडम अकराव्या मजल्यावर. दार एका किडकिडीत, जाड चष्म्याच्या माणसाने उघडलं.

"ये ये. बघून चाल हां, खाली बादली आहे," तो म्हणाला. "चोवीस तास पाणी आहे बिल्डिंगला, पण आमच्या ताईला कोण सांगणार? मी भाऊ तिचा. तू ती उंदरांवाली ना?"

मॅडम आत टेबलाशी बसल्या होत्या. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या ओशाळल्या होत्या. टेबलावर एका ताटलीत बिया, शेजारी गोळ्यांची पट्टी. तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला आणि स्वतःबद्दल एखाद्या शेजाऱ्याच्या भानगडी सांगाव्यात तसं मोकळेपणी बोलायला लागला. गर्द, केंद्रं, पळून येणं, सगळं. "आता अकरा महिने झाले. हात लावला नाही. एवढे कधीच झाले नव्हते, काय ताई?" मॅडम मान हलवत होत्या. त्यांच्या बियांचं, घाईचं, त्या कडक नियमांचं सगळं कोडं मला तिथे बसल्या बसल्या सुटलं, आणि कॉरिडॉरमध्ये मी जे बोलले होते त्याची लाज वाटली.

मग त्याने एक बी उचलली आणि माझ्याकडे वळला.

"तू शिकलेली आहेस, एक खरं सांग. ते जस्त-बिस्त खरंच चालतं काय? उंदरांचं सुटलं?"

माझ्या पिशवीत 'हो' लिहिलेले दोनशे कागद होते. हो म्हणायला काय लागत होतं? माणूस अकरा महिने टिकलाय, त्याच्या पायाखालची फळी कशाला काढायची? मी तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम बोलल्या.

"माहीत नाही रे."

"म्हणजे?"

"आधी वाटलं होतं चालतं. माझ्याच हातून घोळ झाला. पाण्याचा. आता काही सांगता येत नाही. चालत असेल, नसेलही."

मला त्यांचा इतका राग आला, की उठून त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. नियतकालिकाला खरं सांगायचं ते ठीक, पण याला? तो बी चघळत राहिला. खाली रस्त्यावर ढोलवाल्यांची तालीम चालली होती. मॅडमच्या हाताची बोटं टेबलाची कड चाचपत होती, पण त्या उठल्या नाहीत.

"तुझ्या तोंडून 'माहीत नाही' पहिल्यांदाच ऐकलं, फार बरं वाटलं," तो शेवटी म्हणाला आणि हसला. "मग? बंद करू हे?"

"तू ठरव," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

त्याने ताटली जवळ ओढली. "अगं, या बियांना चव तरी आहे काय? लाकूड चावल्यासारखं लागतं. पण मी त्या संपवेपर्यंत तू माझ्या समोर बसतेस. अर्धा तास. लहानपणी नाही बसलीस, केंद्रात भेटायला यायचीस तेव्हा दारातूनच निघायचीस. म्हणून मी एकेक करून खातो." त्याने आणखी एक बी दाताखाली धरली. "राहू दे चालू."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पदराने डोळे पुसले, न लपवता. बऱ्याच वेळाने त्यांना माझी आठवण झाली.

"तू कशाला आली होतीस गं?"

"सहजच," मी म्हणाले आणि पिशवीची चेन लावून टाकली.